मोतीला जेवण कोणी घातले?

स्मृतिभ्रंश झालेले वडील किंवा आई घरी असली, की नातलगांची पहिली सूचना बहुधा ठरलेली असते : ‘आधी ते कुत्रे कोणाला तरी देऊन टाका.’ सूचनेमागचा हेतू चांगलाच असतो. परंतु खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी कुत्रे बसविणाऱ्या आपल्या घरांनी ती इतक्या सहजी मानावी, असे आम्हांस वाटत नाही.

भंवरकुआंचेच पाहा. आग्रा-मुंबई रस्त्याची अखंड रहदारी, १८९१ साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय, जवळच विद्यापीठ, शिकवणीवर्गांची गर्दी. परगावची मुले येथे शिकावयास येतात आणि येथील घरांतली मुले पुण्या-बंगलोरकडे निघून जातात. मागे वडील, त्यांना सांभाळणारी सून आणि दाराशी मोती. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यांनी वर्णिलेल्या व्याधीत नवे लक्षात ठेवण्याची शक्ती आधी जाते. अंगवळणी पडलेल्या सवयी आणि माया त्या मानाने उशिरापर्यंत टिकतात. म्हणूनच नातवाचे नाव विसरलेले आजोबा मोतीला मात्र बिनचूक हाक मारतात.

अडचण उद्भवते तीही याच मायेतून. ‘मोती उपाशी आहे’ असे म्हणत आजोबा दिवसातून पाचदा पोळी घालतात, आणि कुत्रे कधी नको म्हणत नाही. ‘मघाशीच घातली ना!’ हे सांगून उपयोग नाही. त्यांच्या लेखी ती मघाशीची वेळ आलेलीच नसते. त्यापेक्षा दिवसाचे अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढावे आणि तो डबा त्यांच्या हाती द्यावा. मग त्यांनी दहा वेळा खुशाल भरवावे. घालण्याचा मान त्यांचा, माप आपले.

बाकीचे जिन्नस मात्र कुलपात हवेत. इबुप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या आणि पॅरासिटामॉलची मांजराच्या जिवावर बेतू शकते. कांदा व बेदाणे कुत्र्याला बाधतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यात आले.

फिरावयास दोघांना एकटे धाडू नये. कुत्र्याने हिसका दिला की म्हातारपणी खुब्याचे हाड मोडावयास वेळ लागत नाही. गळपट्ट्याला दोन साखळ्या लावाव्यात : एक आजोबांच्या हाती, दुसरी, खरी, आपल्या हाती. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक असावा. (तोच क्रमांक आजोबांच्या खिशातही असावा, हे वेगळे सांगावयास नको.)

दिवेलागणीची वेळ सर्वांत बिकट. मन अस्वस्थ होते, घरचेच कुत्रे परके भासते, काठी उगारली जाते आणि गरीब कुत्रेही दात लावते. त्या सुमारास मोतीला दुसऱ्या खोलीत ठेवावे. चावल्याचे आजोबा सांगतीलच असे नाही, म्हणून आंघोळ घालताना त्यांचे हातपाय पाहावेत. जखम दिसल्यास साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मोतीला रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी. १९५५ साली स्थापन झालेले महूचे पशुवैद्यक महाविद्यालय येथून फार दूर नाही.

काठी वारंवार उगारली जाऊ लागली, किंवा सांभाळणारीच थकली, तर कुत्रे दुसरीकडे ठेवणे भाग पडते. हा निर्णय पुण्याहून फोनवर करावयाचा नव्हे; साखळी जिच्या हाती आहे तिने करावयाचा. शक्यतो येणेजाणे राहील अशा नात्यातल्या घरी मोतीला द्यावे. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी घडविलेले ‘पारो’ नावाचे सीलचे यांत्रिक पिल्लू अशा रुग्णांच्या मांडीवर देतात. आपल्याकडे कापडी कुत्र्यानेही पुष्कळांचे हात शांत होतात. पाहणाऱ्यांनी हसू नये म्हणजे झाले.

आणि मोती आधी गेला तर? ते एकदा सांगावे. पुढे दर वेळी सांगणे म्हणजे दर वेळी नव्याने रडविणे होय. ‘मोती कुठे आहे?’ असे विचारलेच, तर ‘तुमच्या खुर्चीखालीच बसायचा ना तो?’ असे म्हणावे. पुढचे ते स्वतःच सांगू लागतात.