रस्ता सुधारला, हे मोजायचं कसं?

पुण्याचा जंगली महाराज रस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. बालगंधर्व रंगमंदिर, संभाजी उद्यान, पाताळेश्वर लेणी, सगळं याच रस्त्यावर. त्यामुळे रोजचे पुणेकरही इथे चालतात आणि पर्यटकही. काही वर्षांपूर्वी इथले फुटपाथ रुंद केले, बाकं आली, सायकल ट्रॅक आला. आता प्रश्न असा: चालणाऱ्यांसाठी हा रस्ता खरंच सुधारला का? तुम्ही कसं शोधाल?

मी पहिल्या वर्षी सरळ माणसं मोजली. दर तासाला दहा मिनिटं, हातात काउंटर. आकडे भरपूर आले. गाइडनी एकच विचारलं, "यातले थांबले किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॅनिश वास्तुविशारद यान गेल रस्त्यावरच्या हालचालींचे तीन प्रकार सांगतात: कराव्याच लागणाऱ्या, मनात आलं तर करायच्या आणि माणसं भेटली की घडणाऱ्या. ऑफिस गाठायला माणूस फुटक्या फुटपाथवरूनही जातोच. बाकावर शेंगा खात बसणं मात्र जागा बरी असेल तरच होतं. म्हणून कोण, कुठे, किती वेळ रेंगाळलं, तेही नकाशावर टिपा. (कंटाळवाणं काम आहे. टोपी न्या.)

'आधी'च्या नोंदी नसतील तर मात्र पंचाईत. कोपनहेगनचा स्ट्रोएट रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला. तिथे १९६८ पासून पाहण्या होत गेल्या, म्हणून तुलना करता येते. आपल्याकडे बहुधा शेजारचा न सुधारलेला रस्ता घेऊन भागवावं लागतं.

माझी मोठी चूक पुढेच झाली. नव्या फुटपाथवर उभी राहून मी लोकांना विचारलं, "रस्ता आवडतो का?" बहुतेक 'हो' म्हणाले. म्हणणारच! ज्यांना नको वाटतो ते तिथे नव्हतेच. दुचाक्या अडवायला लावलेल्या खांबांमधून व्हीलचेअर निघत नसेल, तर ती व्यक्ती तुमच्या नमुन्यात येणारच नाही. काम सुरू झाल्यावर उठवलेला फेरीवालाही नाही. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करायचं बंधन आहे. त्या याद्या मागा, तिथून माणसं शोधता येतात.

सध्या मी दुसरी प्रश्नावली घेऊन मागच्या गल्ल्यांमध्ये दारोदार फिरतेय. पहिला प्रश्न बदललाय: "तुम्ही तिकडे शेवटचे कधी गेलात?"