बाकी उरतच नाही!

दोस्तांनो, वही-पेन्सिल घ्या बरं, आणि ही संख्या लिहा: ३८१६५४७२९. म्हणजे अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस! १ ते ९ हे सगळे अंक हिच्यात एकेकदा आलेत. पण खरी गंमत पुढेच आहे.

डावीकडचे पहिले दोन अंक घ्या: ३८. त्याला २ ने पूर्ण भाग जातो. पहिले तीन, म्हणजे ३८१ ला ३ ने. पहिल्या चार अंकांना ४ ने, पाचांना ५ ने... सात अंकांना ७ ने भागलं की उत्तर येतं ५,४५,२२१. अख्ख्या संख्येला ९ ने भागलं की ४,२४,०६,०८१. बाकी कुठेच नाही! हे नऊ अंक एकेकदा वापरून ३,६२,८८० संख्या तयार होतात. त्यांतल्या फक्त या एकीला हे जमतं.

ती शोधायची कशी? पाचव्या जागी ५ च हवा, कारण ० आपल्याकडे नाही. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या जागी सम अंकच हवेत. मग ३, ४, ६ आणि ८ च्या कसोट्या लावत छाटत गेलं की उरतात अवघ्या दहा संख्या. ७ ने भागायला घेतलं की त्यांतल्या नऊ गळतात!

आता अंक पुन्हा पुन्हा वापरू आणि ० सुद्धा घेऊ, फक्त सुरुवातीला नको. किती लांब जाता येईल? दहा अंकांपर्यंत अडायची भीतीच नाही. शेवटी ० ते ९ पैकी एकेक अंक जोडून पाहिला की दहा लागोपाठच्या संख्या मिळतात. त्यांत ७ च्या, ८ च्या, अगदी १० च्या पाढ्यातली एक तरी सापडतेच. पुढे मात्र पंचाईत! १०२०००५६४०५ ही अकरा अंकी संख्या ११ पर्यंतच्या सगळ्या कसोट्यांना उतरते. आता १२ ने भाग जायला हवा. नवा अंक जोडला की शेवटी ५० ते ५९ यांपैकी काहीतरी येणार. पण १२ च्या पाढ्यातली एक संख्या येते ४८ वर आणि पुढची थेट ६० वर. आपल्या दहांपैकी एकही नाही. खेळ खलास!

लांबी वाढते तशी पाढ्यातली अंतरंही वाढतात, आणि आपल्या हातात अंक मात्र दहाच. तरीही एक संख्या सगळ्यांच्या पुढे पोचते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. मोजा, पंचवीस अंक! एवढी लांब जाणारी ही एकटीच, आणि सव्वीस अंकी तर एकही नाही. संख्या कधीच संपत नाहीत, पण एक साधा भागाकाराचा नियम लावला की यादी संपते, आणि ती नेमकी कुठे संपते हे आपल्याला सिद्ध करता येतं. गणिताची ही ताकद मला फार आवडते.

तुम्ही कितव्या अंकापर्यंत पोचता? अडलात तर एक पाऊल मागे या, दुसरा अंक लावा आणि पुन्हा पुढे चला.