मीठ गेलं कुठे?

भात पेरणीचे दिवस. इथे अधारतालला, जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाजवळ, शेजारचे दादा बादलीत मीठ ढवळून भाताचं बियाणं निवडत होते. त्यांच्या मुलीने मला विचारलं, "काका, मीठ गेलं कुठे?"

मीठ पाण्यातच आहे. पाण्याच्या रेणूंनी त्याचे सोडियम आणि क्लोराइड आयन सुटे करून घेरलेत. त्यामुळे पाणी जड होतं. भरीव दाणे तळाशी बसतात, पोचट वर तरंगतात. महाराष्ट्रात 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ, अशी शिफारस असते.

साखरेचे रेणू मात्र फुटत नाहीत, अख्खेच पाण्यात पसरतात. म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज छान वाहते, साखरेच्या नाही.

20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे 36 ग्रॅम विरघळतं, साखर तब्बल 200 ग्रॅम! पाणी तापवलं की साखर आणखी खूप मावते. मीठ उकळत्या पाण्यातही 39 ग्रॅमच्या आसपासच.

तेलात दोन्ही विरघळत नाहीत. फोडणीत मीठ टाकून बघा, कण तळाशी तसेच दिसतील.

आणि हो, निवडलेलं बियाणं पेरण्याआधी साध्या पाण्याने दोन-तीनदा नक्की धुवा. मीठ राहिलं तर उगवण बिघडते.

काही शंका असतील तर जरूर विचारा, मुलांचे प्रश्न तर आधी पाठवा!