प्रवाळांचा दिवा आणि दादांचे डोळे

न्यू जर्सीतील एडिसन येथे माझे थोरले बंधू आपल्या लेकीकडे राहतात. वय एकोणऐंशी. वहिनी गेल्यानंतर दादांचे बोलणे फार कमी झाले, म्हणून नातीने त्यांच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा एक छोटा फिश टँक मांडून दिला. साठ सेंटिमीटर लांबीची, सुमारे पंचाहत्तर लिटरची टाकी. दोन क्लाउनफिश, आणि खडकांवर मश्रूमसारखे दिसणारे काही मृदू प्रवाळ. दादा त्यात रमले. तीन महिन्यांनी मात्र प्रवाळ आक्रसले, त्यांचा तपकिरी-हिरवा रंग जाऊन ते पांढुरके पडले. पाण्याच्या सर्व तपासण्या चोख निघाल्या. त्याच सुमारास दादांची झोप उडाली आणि घरात झोपेच्या गोळीची चर्चा सुरू झाली.

मी भेटीला गेले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून सहज विचारले, ‘‘दादा, दिवा एवढा मोठा का ठेवता?’’ ते म्हणाले, ‘‘अगं, मंद वाटतो. दिसतच नाही काही. म्हणून दोन्ही बटणे शेवटपर्यंत फिरवली.’’ मी आयुष्यभर डोळ्यांचीच डॉक्टर होते. उत्तर माझ्या ओळखीचे निघाले.

प्रवाळ हा प्राणी आहे, परंतु त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल वस्तीला असते आणि अन्नाचा मोठा वाटा तेच प्रकाशाच्या साहाय्याने तयार करते. समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा सर्वांत खोलवर पोहोचतो. त्यामुळे या शैवालाची निळ्या प्रकाशावर भिस्त असते आणि प्रवाळांसाठीच्या दिव्यांत निळ्याचा भर असतो. मात्र प्रकाश प्रमाणाबाहेर गेला, की शैवालातील रासायनिक व्यवहार बिघडून ते प्रवाळाला अपायकारक ठरते. मग प्रवाळ त्याला बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी राहू लागतो.

आता मानवी डोळ्याकडे पाहू. दिवसाच्या उजेडात आपला डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. निळा त्याला मुळातच फिका भासतो. त्यात वयोमानाने डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होते, मोतीबिंदू असल्यास अधिकच, आणि ते निळा प्रकाश अडवते. म्हणजे नातीला झगझगीत दिसणारी टाकी आजोबांना सांजवेळेसारखी दिसते. दादांच्या एका डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू होता. प्रवाळांवर भर दुपार होती आणि ते दिवा वाढवीत होते. पुढे शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनी स्वतःच तक्रार केली, की हा निळा दिवा डोळ्यांत खुपतो!

तेव्हा असा दिवा निवडताना डोळ्यांवर विसंबू नये, आणि खोक्यावरील वॅटच्या आकड्यावर तर मुळीच नाही. वॅट म्हणजे विजेचा खर्च. प्रवाळाला काय मिळते ते त्यातून कळत नाही. फोनमधील लक्स मोजणारी सोयही निळ्या प्रकाशाखाली फसते, कारण ती मानवी डोळ्याच्या हिशेबाने बांधलेली असते. प्रवाळांसाठी ‘पार’ हे माप वापरतात: चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये. उष्ण कटिबंधातील भर दुपारचे ऊन सुमारे २००० भरते. मश्रूम प्रवाळांना ३० ते ८० पुरते, बहुतेक मृदू प्रवाळांना ५० ते १५०, आणि फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५०. वयस्कर व्यक्तीच्या खोलीत पहिल्या दोन गटांवरच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवा लहान लागतो आणि डोळ्यांवरचा ताणही कमी होतो. ‘पार’ मोजणारे यंत्र महाग असते. अमेरिकेत काही दुकाने ते भाड्याने देतात. भाचीने एका दिवसासाठी आणले, तेव्हा दादांच्या मश्रूमवर २४० भरले.

दिव्याचा प्रकार ठरवण्यात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मेटल हॅलाइड लहान टाकीचे पाणी तापवतो; तो नकोच. टी-५ नळ्यांचा प्रकाश सौम्य आणि सर्वत्र सारखा पसरतो, परंतु नऊ ते बारा महिन्यांनी नळ्या बदलाव्या लागतात, आणि हे काम स्टुलावर चढून ज्येष्ठांनी करू नये. एलईडी थंड, मंद करता येणारा आणि वेळापत्रकावर चालणारा असतो. त्याची एकच खोड: ठळक एलईडीमुळे पाण्यात प्रकाशाच्या लहरी नाचतात. तरुणांना त्या सुंदर वाटतात, पण सुरुवातीचा मोतीबिंदू असलेल्याला त्याच चमका त्रास देतात. प्रकाश विखुरणारे दुधी आवरण असलेला एलईडी घ्यावा. घेण्यापूर्वी आजोबांच्या खुर्चीत आणि पलंगावर स्वतः बसून पाहावे. दिव्याचे बल्ब थेट डोळ्यांत येत असतील तर कडेला पट्टी लावावी. नवा दिवा तीस टक्क्यांवर सुरू करून महिना-दीड महिन्यात हळूहळू वाढवावा.

झोपेचा धागा इथेच जुळतो. दृष्टिपटलात पाहण्यासाठी नव्हे, तर दिवस-रात्र ओळखण्यासाठी असलेल्या काही पेशी आहेत. २००२ मध्ये त्यांचे काम उजेडात आले. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक जागतात आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रोखून धरतात. प्रवाळांच्या दिव्यातील निळा याच्या अगदी शेजारचा. दादा रात्री साडेअकरापर्यंत त्याच्यासमोर बसत. प्रवाळांना आठ ते दहा तास उजेड पुरतो आणि रात्री त्यांना अंधारच हवा असतो. ‘चांदण्या’च्या नावाने रात्रभर चालणारा निळा दिवा त्यांना लागत नाही. आम्ही दिवा सकाळी दहाला सुरू होऊन सातला विझेल असा लावला. स्नानगृहाच्या वाटेवर, जमिनीलगत, पिवळसर छोटा दिवा बसवला, कारण टाकीचा उजेड गेल्यावर अंधारात पडण्याची भीती होती. झोप केवळ एवढ्यानेच सुधारली असे मी म्हणणार नाही. सायंकाळचा चहाही त्याच आठवड्यात बंद केला होता. गोळी मात्र लागली नाही.

दोन धोके काळजीवाहूंनी ध्यानात घ्यावेत. प्रकाश कमी करण्यासाठी प्रवाळ सावलीत सरकवावा लागतो, आणि झोअँथिड जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. हातमोजे व डोळ्यांना आवरण हवेच. ते दगड कधीही उकळू नयेत, गरम पाण्याने घासू नयेत, कारण त्या वाफेने माणसे गंभीर आजारी पडली आहेत. ज्येष्ठांच्या खोलीत ही जात न ठेवलेलीच बरी. दुसरा धोका विजेचा. दिव्याची तार सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळणारे खारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोळातून खाली ठिबकते. गळती होताच वीज तोडणारा खटका (आपल्याकडील आरसीसीबी) त्या जोडणीवर असावाच.

आपल्याकडे मात्र हा छंद करू पाहणाऱ्यांनी थांबावे. खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते काढणे, विकणे वा बाळगणे गुन्हा आहे. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ तिथेच राहावेत. घरी गोड्या पाण्यातील वनस्पतींची टाकी ठेवता येते, आणि दिव्याच्या वेळा व चकाकीबद्दल वर जे लिहिले, ते तिलाही लागू पडते.

दादांच्या मश्रूमना रंग परत यायला चार महिने लागले. आता त्यांच्या दिव्याच्या दोन्ही बटणांवर नातीने चिकटपट्टी लावून ठेवली आहे. सातला दिवा विझला, की दादा खुर्ची फिरवून मला फोन लावतात. तेव्हा इकडे पहाट झालेली असते.