ब्रेक बदलला आणि वेगमापक थांबला

जुन्या मोटारींच्या शौकिनांत एक तक्रार वारंवार कानी येते. फोक्सवॅगन बीटलच्या पुढील चाकांचे ड्रम ब्रेक काढून तेथे डिस्क ब्रेक बसविले, गाडी पूर्वीपेक्षा अधिक खात्रीने थांबू लागली, आणि नेमक्या त्याच दिवसापासून स्पीडोमीटरचा काटा शून्यावरून हलेनासा झाला. ब्रेक चाकापाशी, वेगमापक चालकाच्या पुढ्यात. तेव्हा एकास हात लावल्याने दुसऱ्याचे कामकाज बंद पडावे हे सामान्य माणसास गूढ वाटते. परंतु बीटलची रचना ज्याने एकदा समजून घेतली, त्याला या घटनेत आश्चर्य करण्याजोगे काही उरत नाही.

त्या काळच्या बहुतेक मोटारींत वेगमापकास गती मिळे ती गिअरबॉक्समधून. बीटलचे इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या मागील अंगास. म्हणून तिच्या रचनाकारांनी तेथून केबल न आणता पुढच्या डाव्या चाकाकडेच हे काम सोपविले. या चाकाचा आस, ज्याला मेकॅनिक स्टब ॲक्सल म्हणतात, तो आतून पोकळ असतो. त्या पोकळीतून वेगमापकाची केबल बाहेर येते, तिचे चौकोनी टोक हबच्या तोंडावरील ग्रीसच्या टोपीतल्या चौकोनी छिद्रात शिरते, आणि बाहेरून एक लहानशी पिन किंवा क्लिप त्यास अडकवून ठेवते. चाक फिरले की टोपी फिरते, टोपी फिरली की केबल फिरते. चाकाचा एक फेरा म्हणजे केबलचाही एक फेरा.

केबलच्या वरच्या टोकाशी जे घडते त्याचे श्रेय स्ट्रासबुर्गच्या ओट्टो शुल्झे यांना दिले जाते. त्यांनी १९०२ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले. केबल एका चुंबकास फिरविते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते, पण दोहोंचा स्पर्श कोठेही होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाहांचे भोवरे उत्पन्न होतात आणि त्यांच्या ओढीने वाटी चुंबकामागे वळू पाहते. एक नाजूक सर्पिल कमान तिला मागे खेचीत राहते, आणि या दोन बलांचा जेथे समतोल होतो तेथे काटा स्थिरावतो. किलोमीटरची नोंद करणारे आकडे मात्र चुंबकावर मुळीच अवलंबून नसतात. ते दातेरी चाकांनी थेट केबलशी जोडलेले असतात. हा भेद वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण पुढे दोषाची चौकशी करताना तोच उपयोगी पडतो.

ड्रम ब्रेकविषयी मालकांची नाराजी निराधार नाही. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि ब्रेक ढिला पडल्यासारखा होतो. डिस्क उघड्या वाऱ्यात असल्यामुळे लवकर निवते. खुद्द कारखान्यानेही १९६६ पासून युरोपातील ‘१५००’ या मॉडेलच्या बीटलला पुढे डिस्क ब्रेक दिले होते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या बीटलला मात्र अखेरपर्यंत ड्रमच राहिले. आज असा फेरफार करताना नव्या डिस्कसोबत नवा हब आणि नवी टोपी येते, आणि घोटाळ्याचे मूळ बहुधा येथेच सापडते. डाव्या टोपीस चौकोनी छिद्रच नसते. किंवा टोपी हबमध्ये सैल बसून जागच्या जागी राहते. किंवा हब अधिक खोल असल्यामुळे केबलचे टोक क्लिप अडकण्याइतके बाहेर येत नाही. किंवा नवा स्टब ॲक्सलच भरीव निघतो.

यांपैकी पहिल्या तीन दोषांवरचा इलाज साधा आहे. टोपीस मध्यभागी बारीक भोक पाडून ते कानशीने चौकोनी करावे, टोपी हबमध्ये घट्ट बसते याची खातरजमा करावी, आणि केबल आखूड पडत असेल तर योग्य लांबीची घ्यावी. भरीव आस आला असेल तर मात्र तो परत करून पोकळ मागवावा. ज्यावर चाकाचा सारा भार आहे त्यास घरगुती साधनांनी छिद्र पाडण्याचे धाडस कोणी करू नये. केबल कोठेही तीव्र वळणाने वाकवू नये, तसे झाल्यास काटा थरथरतो. आणि टोपी ग्रीसने भरू नये, कारण ते ग्रीस केबलच्या वाटेने वर चढून वेगमापकात शिरते. मग डावे चाक जॅकवर उचलून, केबलचे वरचे टोक मोकळे ठेवून, चाक हाताने फिरवावे. टोक फिरले, तर खालचा बंदोबस्त चोख झाला असे समजावे.

काटा हलू लागला म्हणजे तो खरे सांगतो असे मात्र नव्हे. वेगमापक मोजतो ते डाव्या चाकाचे फेरे; गाडीच्या वेगाशी त्याची थेट ओळख नाही. ब्रेकबरोबर पुष्कळदा टायरही बदलले जातात. १६५/८० आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर, तर १४५/६५ आर १५ चा सुमारे ५७०. लहान टायरचे फेरे अधिक होतात, म्हणून गाडी ताशी ५३ किलोमीटरने चालली असता काटा ६० दाखवितो. उलट टायर मोठा घेतला तर काटा खऱ्याहून कमी वेग सांगेल, आणि तो प्रमाद अधिक धोक्याचा.

याचा पडताळा महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांवरून घेता येतो. काटा ६० वर स्थिर ठेवून सोबत्याकडून दोन दगडांमधील सेकंद मोजवून घ्यावेत आणि ३६०० ला त्या संख्येने भागावे: ६० सेकंद लागले तर काटा खरा, ६८ लागले तर वेग ५३. नंतर दहा दगडांचे अंतर आकड्यांच्या नोंदीशी ताडून पाहावे. नोंद ११.३ आली, म्हणजे वेग आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात चुकले, तर दोष टायरचा. तेव्हा टायर बदलावा किंवा केबलच्या मार्गात फेऱ्यांचे प्रमाण बदलणारी लहान दातेरी पेटी बसवावी. अंतर बिनचूक आणि वेग तेवढा चुकीचा असेल, तर दोष चुंबकाचा वा कमानीचा. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

जुन्या यंत्रात एकेका भागावर अनेक कामांची जबाबदारी टाकलेली असते. म्हणून बीटलला डिस्क ब्रेक बसविण्याचा ज्यांचा मनसुबा आहे, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्यास दोनच प्रश्न विचारावेत: डावा आस पोकळ आहे काय, आणि डाव्या टोपीस चौकोनी छिद्र आहे काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तरच सौदा पुरा करावा.