परवाना, हातोडा आणि मधलं जोतं

दिवाळी अंकांना नगरपालिकेचं वावडं नाही. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी 'शहरं का बिघडली' यावर लिहितंच, आणि त्या लेखात ठरलेली दोन पात्रं असतात. एक, बांधकाम खात्यात खेटे घालून चपला झिजवणारा नागरिक. दुसरा, जेसीबी घेऊन निघालेला करारी अधिकारी. पहिल्याची दया, दुसऱ्याचं कौतुक, की लेख संपला. या दोघांच्या मधे एक तिसरा माणूस असतो, निदान असायचा: जोतं भरून झालं की मान्य नकाशाची घडी आणि टेप घेऊन साइटवर येणारा कनिष्ठ अभियंता. त्याच्यावर कुणी लिहीत नाही. मी आयुष्यभर त्याचीच बाजू मांडत आलो आहे आणि आजही तेच करणार आहे. ज्यांना याचा कंटाळा आला असेल त्यांनी पान उलटून पुढची कथा वाचायला घ्यावी.

इतिहास थोडक्यात. बांधकामाची नोटीस देण्याचं कलम १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यातच आहे, पण नियमांना धार आली ती १८९६च्या प्लेगनंतर. १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून तेवढ्या कोनात वर रेघ ओढायची, समोरच्या इमारतीने ती छेदता कामा नये. हिशेब सोपा आहे. समोरची उंची जितकी, त्याच्या निम्मं तरी अंतर मोकळं हवं. आपल्या सामासिक अंतरामागे हाच उजेड-वाऱ्याचा विचार आहे. बिल्डरला ती 'वाया गेलेली जागा' वाटते, हा भाग वेगळा.

पुढचं भराभर सांगतो. १९४९ साली मुंबईबाहेरच्या महापालिकांचा कायदा झाला आणि १९६६ साली नगररचनेचा. मुंबईच्या नियमावल्या १९६७, १९९१ आणि २०१८च्या. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळून राज्याला एकच नियमावली मिळाली. चटईक्षेत्र, टीडीआर, प्रीमियम यांवर व्याख्यानं देणारे गल्लोगल्ली आहेत, ती त्यांनाच लखलाभ.

आता जोतं. मान्य नकाशाप्रमाणे काम जोत्यापर्यंत आलं की मालकाने परवानाधारक तंत्रज्ञामार्फत पालिकेला कळवायचं, अधिकाऱ्याने येऊन पाहायचं, मग पुढचं काम, अशी ही पद्धत. हीच वेळ का, हे साइटवर उभं राहिलेल्या कुणालाही कळतं. पायाची आखणी जमिनीवर उघडी पडलेली असते, वर काही चढलेलं नसतं, आणि चूक दुरुस्त करायला फार खर्च येत नाही. त्याआधी पाहण्यासारखं काही नसतं, आणि त्यानंतर पाहून उपयोग नसतो.

अधिकारी नेमकं काय पाहतो? आधी हद्द. मोजणीचे दगड सापडतात का, की ते कुंपणाच्या भिंतीत गडप झालेत. मग हद्दीपासून जोत्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर, चारी बाजूंना आणि प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी, कारण प्लॉट सहसा तिरका असतो. मग दोन्ही कर्ण. ते सारखे आले की जोतं काटकोनात आहे. मग रस्त्यापासूनची उंची. खरा मुरलेला अभियंता यानंतर टेप गुंडाळून नुसता हिंडतो. नकाशात कॉलम नाही अशा जागी सळ्या वर आलेल्या दिसल्या, तर उद्या तिथे काय उभं राहणार हे त्याला कळतं. पार्किंगच्या जागेत सांडपाण्याचा पाइप डोकं वर काढून उभा असेल, तर तिथे मोटारी लागणार नाहीत, दुकान थाटलं जाणार. हे नकाशात दिसत नाही. हे दिसायला बुटांना चिखल लागावा लागतो.

असे एक निरीक्षक होते. मी तेव्हा वास्तुविशारदाच्या हाताखाली उमेदवारी करत होतो आणि टेपचं दुसरं टोक धरणं हे माझं काम. शून्याचं टोक ते कधीच कुणाच्या हाती देत नसत. "चोरी शून्यापाशी होते," म्हणायचे. साइटवरचा चहा घेत नसत, पाणीही घरून आणलेलं. एका गृहरचना संस्थेत निवृत्त शिक्षकांच्या बंगल्याची बाजूची भिंत शेजाऱ्याकडे वीतभर सरकली होती. गवंडी म्हणाला, एवढ्याने काय होतंय. निरीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मास्तर," ते म्हणाले, "आज एक भिंत काढा. स्लॅब पडल्यावर मी आलो तर घर काढावं लागेल." मास्तर रागावले, चार दिवस बोलले नाहीत, पण भिंत काढली. वास्तुशांतीला पहिलं निमंत्रण याच निरीक्षकांना गेलं. ते अर्थातच आले नाहीत.

सगळेच असे नव्हते. जोत्यावर पाकीट घेणारेही मी पाहिले आहेत. परंतु त्यावर उपाय म्हणून तपासणीच पातळ करायची, हा आमच्याच व्यवसायातल्या काही शहाण्यांचा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. 'वास्तुविशारद प्रमाणपत्र देतो ना, मग पालिकेचा माणूस कशाला?' असं ते विचारतात. अहो, वास्तुविशारदाची फी कोण देतं? ज्याचं जोतं सरकलंय तोच. नियमावलीतही पळवाट आहेच: ठरावीक मुदतीत अधिकारी फिरकला नाही तर संमती मिळाली असं समजून पुढे जायचं. न येण्याची किंमत अशी शून्यावर आणली, की न येणं हाच रिवाज होतो.

परवानगी लवकर मिळावी याबद्दल माझी तक्रार नाही. साठ दिवसांत निर्णय नाही तर परवानगी मानीव, ही तरतूद १९६६च्या कायद्यातली आहे. २०२०च्या नियमावलीने दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर अर्जाची पोचच परवानगी ठरवली, आणि तीन हजारांपर्यंत दहा दिवसांची मुदत घातली. छान झालं. आराखडा संगणक तपासतो, तेही छान. प्रश्न एवढाच आहे, की नकाशे तपासण्यातून सुटलेला माणूस गेला कुठे? साइटवर तर तो दिसत नाही.

दुसरी तक्रार हातोडाभक्तांबद्दल. गो. रा. खैरनार यांच्या पाडापाडीच्या कथा ऐकत एक पिढी मोठी झाली. ठाण्यात आणि नागपुरात रस्ते रुंद करणाऱ्या टी. चंद्रशेखर यांचेही पोवाडे झाले. या मंडळींच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण पाडलेली प्रत्येक इमारत म्हणजे कधीतरी, कुणीतरी न पाहिलेलं एक जोतं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली, तेव्हा 'आता कारवाई कशी करायची' असा गळा अनेकांनी काढला. रस्ता, पदपथ, नदीपात्रातल्या बांधकामांना ते बंधन नाही, हे त्यांनी वाचलंच नसावं. आणि जोत्यावर जाणाऱ्याला पंधरा दिवसांचं ओझं का वाटावं?

यावर ठरलेला आक्षेप येतो: अनधिकृत बांधणारा जोतं तपासायला बोलावतो थोडाच? बरोबर, बोलावत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला कोसळलेली इमारत वनजमिनीवर उभी होती. वर मजले चढत असतानाच खाली बिऱ्हाडं आली होती. ७४ माणसं गेली. तिचा नकाशा कुठल्या टेबलावर यायचा? पण जोतं रस्त्यावरून दिसतं. प्रभागात हिंडणाऱ्या माणसाजवळ मंजूर कामांची यादी असली, तर यादीत नसलेलं जोतं ओळखायला पदवी लागत नाही. काम थांबवण्याचे अधिकार कायद्याने कधीच दिलेले आहेत.

न पाहण्याची सोय मात्र सरकारने अनधिकृत बांधकामं नियमित करत पद्धतशीर केली. गुंठेवारीचा कायदा २००१चा. त्याची १ जानेवारी २००१ची मर्यादा पुढे डिसेंबर २०२०च्या अखेरपर्यंत सरकली. उल्हासनगरसाठी २००६ साली स्वतंत्र कायदा झाला. २०१७ साली नगररचना कायद्यात '५२ अ' घालून डिसेंबर २०१५अखेरच्या बांधकामांना प्रशमन शुल्काची वाट मोकळी केली. पिंपरी-चिंचवडकरांनी अनधिकृत बांधकामांवरच्या शास्तीकराविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि अखेर तो माफ झाला. त्या रहिवाशांची बाजू मला कळते. अर्ध्या गुंठ्यात घर बांधणाऱ्याला अधिकृत पर्याय कुणी दिला होता? पण यातून प्रत्येक नव्या बांधणाऱ्याला एकच धडा मिळतो: थांब, तारीख पुढे जाईल.

भोगवटापत्राची रड वेगळी नाही. ते नसताना ताबा देऊ नये, हे १९६३च्या मोफा कायद्यापासून आहे. तरी आयुष्यभर त्याविना राहणाऱ्या, पाणीपट्टी जादा दराने भरणाऱ्या सोसायट्या शहरभर आहेत. १७ डिसेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावलं, की भोगवटापत्र पाहूनच कर्ज द्या. उत्तम. पण तोवर भिंतींवर दोनदा रंग चढलेला असतो. सामासिक अंतरात गेलेला कॉलम तेव्हा मागे घेता येत नाही.

राहत्या इमारतींबद्दल फार लिहीत नाही. तीस वर्षांवरील इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, सी-वन ते सी-थ्रीची वर्गवारी, आग प्रतिबंधाचा दर जानेवारी-जुलैमधला 'ब' नमुना, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना माहीत असतं, निदान असायला हवं. एकच गोष्ट घोटून सांगतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची 'साईदर्शन' कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं. 'आमच्या घरात आम्ही काहीही करू' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की लादी, रंग, गिलावा तुमचा, पण कॉलम वरच्या सगळ्यांचा आहे.

उपाय सांगा, असं तरुण वार्ताहर विचारतात. नवा कायदा नको. जोते तपासणीचा दाखला साइटच्या फलकावर लागावा, तपासणाऱ्याचं नाव आणि तारखेसह. मोजमापावर शेजाऱ्याची सही घ्यावी. त्याच्याइतका जागरूक निरीक्षक कुठलीही पालिका नेमू शकणार नाही. 'मानीव' संमती जोत्यापुरती रद्द करावी, आणि न फिरकणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी कारण मागावं.

पालिका हे करेल अशी मला आशा नाही, म्हणून घर घेणाऱ्यांना सांगतो. बुकिंगला जाल तेव्हा माहितीपुस्तिका बाजूला ठेवून आधी हा दाखला मागा. सेल्समन गडबडेल, साहेबांना फोन लावेल. लावू द्या. सॅम्पल फ्लॅटमधला सोफा ताब्याच्या वेळी मिळत नाही. जोतं मात्र आहे तेच मिळतं.