तोंड वाकडे होते तेव्हा : सातव्या मज्जातंतूची वाट

दोन वर्षांच्या अंतराने आमच्या वस्तीत दोघांची तोंडे वाकडी झाली. पहिली एक चाळिशीतील भगिनी. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून गळू लागले म्हणून तिने आरशात पाहिले, तर तोंड उजवीकडे ओढलेले आणि डावा डोळा मिटत नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एका शब्दात निदान केले : "वारं गेलं." कुणी तेलाने चोळले, कुणी कबुतराचे रक्त लावायला सांगितले. अडीच महिन्यांत चेहरा बराचसा सरळ झाला आणि श्रेय अर्थातच चोळण्याला मिळाले.

दुसरे एक सेवानिवृत्त गृहस्थ. रात्री जेवताना त्यांच्या हातातला घास पडला, उजव्या बाजूचे तोंड उतरले, बोलणे अडखळू लागले. घरच्यांना लोक म्हणाले, "त्या ताईंचं नाही का बरं झालं? वारंच आहे, सकाळी बघू." आम्हाला निरोप मिळाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. आज त्या गृहस्थांचा उजवा हात उचलत नाही आणि चार-सहा शब्दांपलीकडे त्यांना बोलता येत नाही.

लोकांनी दोघांच्या आजाराला एकच नाव दिले होते. बिघाड मात्र दोन वेगळ्या ठिकाणी होता. तो कसा ओळखता येतो हे समजण्यासाठी चेहऱ्याच्या मज्जातंतूची वाट एकदा नजरेखालून घालावी लागेल. विद्यार्थ्यांना ही वाट परीक्षेसाठी लागते, इतरांना ती केव्हाही लागू शकते.

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या असतात. शालेय पुस्तकांत त्यांना कर्पर चेता म्हणतात, कारण कर्पर म्हणजे कवटी. त्यांना क्रमांक आहेत, आणि ते पुढून मागे, वरून खाली असे साधारण क्रमाने दिलेले आहेत. पहिला वास घेतो, दुसरा दृष्टी मेंदूपर्यंत नेतो. तिसरा, चौथा आणि सहावा मिळून डोळ्याची हालचाल करतात. चेहऱ्याची संवेदना आणि चावण्याचे स्नायू पाचव्याकडे आहेत. दाढ ठणकते तेव्हा ती वार्ता तोच पोहोचवतो. आठवा ऐकणे आणि तोल यांचा, नववा घशाचा, बारावा जीभ हलविणारा. अकरावा जरा विचित्र : तो मानेतल्या मज्जारज्जूतून निघतो, वर कवटीत शिरतो आणि पुन्हा बाहेर पडून मान व खांद्याच्या स्नायूंना जातो. दहाव्याच्या लॅटिन नावाचा अर्थच भटक्या असा आहे. तो गळ्यातून छातीत आणि छातीतून पोटापर्यंत जातो. त्याची स्वरयंत्राकडे जाणारी डावी शाखा तर आधी छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि मग परत वर येते. म्हणूनच आवाज बरेच दिवस बसला की डॉक्टर कधीकधी छातीचा फोटो काढायला सांगतात. रोग्याला वाटते, दुखणे घशाचे आणि फोटो छातीचा कशाला! कारण या वळशात आहे.

आता सातवा. चेहऱ्याचे हावभाव करणारा मज्जातंतू तो हाच. कपाळाला आठी पाडणे, डोळा मिटणे, हसणे, फुंकर मारणे, शीळ घालणे ही सगळी त्याची कामे. मेंदूच्या देठाच्या, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागाच्या खालच्या कडेतून तो निघतो आणि आठव्याच्या सोबतीने कानाच्या हाडात शिरतो. पुढे आठवा अंतर्कर्णात थांबतो. सातव्याला मात्र हाडातल्या वळणावळणाच्या बोगद्यातून जवळजवळ ३ सेंटिमीटर प्रवास करावा लागतो. या बोगद्याचा सर्वांत अरुंद भाग १ मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा असतो. बोगद्यातच त्याला तीन महत्त्वाचे फाटे फुटतात : एक अश्रुग्रंथीकडे, एक मध्यकर्णातील रिकीब या हाडाला आवरून धरणाऱ्या चिमुकल्या स्नायूकडे आणि एक जिभेकडे. हा तिसरा फाटा जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणतो व जबड्याखालच्या लाळग्रंथींना आज्ञा देतो. मग मूळ तंतू कानाच्या पाळीमागे बाहेर पडतो, गालगुंडात सुजते त्या लाळग्रंथीतून आरपार जातो आणि पंजाच्या बोटांप्रमाणे पाच शाखांनी चेहऱ्यावर पसरतो.

त्या भगिनीने आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. भाजीला चव लागत नाही, आणि डाव्या कानाला कुकरची शिटी असह्य होते. घरच्यांना हे मनाचे खेळ वाटले. वाट माहीत असणाऱ्याला मात्र यातून पत्ता मिळतो. चव गेली आणि आवाज मोठे वाटू लागले, म्हणजे बिघाड बोगद्याच्या आत, हे फाटे फुटण्याच्या अलीकडे आहे.

अशा आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या मज्जातंतूंचे काम मांडले, त्यांचे नाव या आजाराला मिळाले. त्यांच्या कित्येक शतके आधी अल्-राझी या इराणी वैद्यानेही चेहऱ्याच्या लकव्याचे वर्णन केलेले आहे. आजारात घडते ते असे की मज्जातंतू सुजतो आणि हाडाचा बोगदा काही सैल होत नाही. बोट सुजल्यावर घट्ट अंगठी रुतावी तसा तो आवळला जातो. तो का सुजतो याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही. ओठावर जर उठवणाऱ्या नागिणीच्या जातीच्या विषाणूंवर संशय आहे. मधुमेहात आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हे अधिक आढळते. बसच्या खिडकीतले वारे हे कारण मात्र सिद्ध झालेले नाही.

मग त्या गृहस्थांचे काय? त्यांचा सातवा मज्जातंतू सुजलेला नव्हता. बिघाड त्याच्याही वर, मेंदूच्या डाव्या भागातील रक्तपुरवठ्यात होता. येथे शरीराची एक रचना आपल्या मदतीला येते. चेहऱ्याच्या खालच्या भागाला मेंदूच्या फक्त विरुद्ध बाजूकडून आज्ञा मिळते, तर कपाळाला दोन्ही बाजूंकडून मिळते. कपाळ म्हणजे दोन टाक्यांना जोडलेला नळ समजा. एक टाकी बंद पडली तरी त्याला पाणी येते, तोंडाचा नळ मात्र एकाच टाकीवर असल्याने कोरडा पडतो. म्हणून पक्षाघाताच्या झटक्यात तोंड उतरते, पण रोगी दोन्ही भुवया वर उचलू शकतो आणि डोळाही बहुधा मिटतो. बेल्स पाल्सीत नळाची शेवटची नळीच चेपलेली असते. तेव्हा टाक्या दोन असोत की चार, त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही.

ही परीक्षा सोपी आहे, तरी आम्ही आग्रहाने सांगतो की तिच्या भरवशावर कुणी घरी बसू नये. मेंदूच्या देठातच झटका आला तर कपाळासह अर्धा चेहरा जाऊ शकतो. हातापायात अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे, एकाचे दोन दिसणे, तोल जाणे यांपैकी काहीही जोडीला असेल तर घड्याळ पाहावे आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन व्हावे लागते. त्या रात्री नेमके हेच तास "सकाळी बघू" म्हणण्यात गेले.

बेल्स पाल्सीचे बहुसंख्य रोगी औषधाशिवायही बरे होतात, आणि चोळणाऱ्यांची कीर्ती यावरच टिकून आहे. पण औषधाने फरक पडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील अभ्यासात स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू केलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोक नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. त्या न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. मधुमेह्यांनी या गोळ्या साखरेवर लक्ष ठेवून घ्यायच्या असतात, म्हणून दुकानातून परस्पर आणू नयेत.

गोळ्यांइतकेच डोळ्याला जपणे महत्त्वाचे. न मिटणारा डोळा कोरडा पडतो. मिटायचा प्रयत्न केला की बुबुळ वर फिरते आणि पांढरे दिसते. ती शरीराचीच थोडीशी तरतूद असते, पण पुरेशी नसते. डॉक्टरांनी दिलेले थेंब दिवसा वारंवार घालावेत, बाहेर जाताना चष्मा लावावा, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने मिटलेली ठेवावी. आमच्या त्या भगिनीचा चेहरा अडीच महिने चोळला गेला, पण डोळा कुणी झाकला नाही. पारपटलावर जखम झाली, तिचा पांढरा डाग राहिला आणि त्या डोळ्याला आता अंधुक दिसते.

चेहरा वाकडा होण्याची इतरही कारणे आहेत. कान वर्षानुवर्षे वाहत असेल तर आतली गाठ हाड पोखरून मज्जातंतूपर्यंत पोहोचते. कानात पुरळ येऊन दुखत असेल तर नागीण असू शकते. कुष्ठरोगात सातव्याची डोळा मिटणारी शाखा अनेकदा निकामी होते आणि पाचव्याची संवेदनाही जाते. मग डोळा मिटत नाही आणि त्यात कचरा गेलेला कळतही नाही. कुष्ठरोगाची गोळ्यांची पाकिटे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. मात्र लाजेने लपविण्यात गेलेल्या दिवसांत डोळा जातो.

त्या भगिनीची आणखी एक तक्रार आहे. जेवायला बसले की तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहते. चेपलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो रोज साधारण १ मिलिमीटर या गतीने, आणि या वाढीत काही धागे वाट चुकतात. लाळग्रंथीकडे जायचे धागे अश्रुग्रंथीकडे गेले की घास तोंडात जाताच डोळा भरून येतो. वैद्यकात याला मगरीचे अश्रू असेच नाव आहे. तिच्या सासूबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारले होते, सून रोज ताटावर बसून का रडते? आम्ही त्यांना कागदावर सातव्याची वाट काढून दाखविली.